डुकराची सही

पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात जाळी शिवता शिवता कुठलाही विषय निघतो. त्या दिवशी डुकराच्या किडनीचा निघाला. निमित्त एका तांडेलाचं. गडी दोन वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्याला तीन वाऱ्या, एका वारीला चार तास. बोट भावाच्या ताब्यात गेली आणि हा किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी जोडतो. कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं, अमेरिकेत माणसाला डुकराची किडनी बसवली म्हणून.

शहरात अशी बातमी आली की आधी ‘शी!’ होते आणि मग परिसंवाद. इथं कुणी नाकसुद्धा मुरडलं नाही. एक आजोबा म्हणाले, “आपल्या लग्नात सरपोतेलातून डुकराचं काळीज पिढ्यान्‌पिढ्या आत जातंय. हे डॉक्टर फक्त वाट बदलतात.”

धर्माचीही आडकाठी नाही. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीनं 2001 मध्येच या प्रकाराला, काही अटी घालून, हरकत नसल्याचं कळवून टाकलंय. आणि तांडेलाचं म्हणाल, तर तो केव्हाच बाटलाय. डायलिसिसच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन सोडतात, ते बहुतेक डुकराच्या आतड्यातूनच काढतात. म्हणजे आठवड्यातून तीनदा डुक्कर याच्या नळीत असतंच. आता फक्त मुक्कामाला येणार.

अर्थात हे डुक्कर आपल्या उकिरड्यावरचं नव्हे. मार्च 2024 मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना जी किडनी बसवली, तिच्या डुकराच्या जनुकांत 69 बदल केले होते. तीन जनुकं काढली, माणसाची सात घातली, आणि उरलेल्या 59 बदलांनी विषाणूंची नांगी मोडली. असली डुकरं निर्जंतुक खोलीत वाढतात. जन्मात चिखल बघत नाहीत. डुकराकडून चिखल काढून घेतल्यावर उरतं काय, तर सुटे भाग. स्लेमन दोनेक महिन्यांनी गेले. मृत्यू किडनीमुळे झाल्याचं दिसत नाही, असं रुग्णालयानं सांगितलं. त्याआधी 2022 मध्ये डेव्हिड बेनेट डुकराच्या हृदयावर दोन महिने जगले होते, आणि त्या हृदयात लपून आलेला डुकराचा एक विषाणू नंतर सापडला. म्हणून अशा रुग्णावर जन्मभर पाळत ठेवायची असते. त्यानं एकदा सही केली की परतीची बोट नाही.

आपण यातही मागे नव्हतो. 1 जानेवारी 1997 ला गुवाहाटीजवळ सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी एका 32 वर्षांच्या रुग्णाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. रुग्ण सात दिवस जगला, डॉक्टर चाळीस दिवस तुरुंगात बसले. पोलिसांनी बोट ठेवलं होतं मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यावर. आणि हा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांनी पुढे होऊन स्वीकारला, त्यांतलं एक आपला महाराष्ट्र.

कायदा मोठा मजेचा आहे. जिवंतपणी अवयव द्यायचा तर देणारा ‘जवळचा नातलग’ हवा. नसेल तर समितीपुढं उभं राहायचं. समिती खोदून खोदून विचारते, प्रेमापोटी देताय की पैशापोटी? डुक्कर या समितीपुढं नापासच होणार. पैसे त्याला मिळत नाहीत आणि प्रेमाचा पुरावा त्याच्याकडं नाही.

नैतिकतेची सगळी भांडणं इथंच येऊन अडतात. डुकराला विचारलं कुणी? त्याची सही कुठाय? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीची एक फाईल तशीच पडलीय.

1995 ते 2021 या काळात देशात 36,640 प्रत्यारोपणं झाली. त्यांतली 29,695 पुरुषांवर. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत पाचात चार बाया. बायको, आई, बहीण. घेणारा बाप्या, देणारी बाई, असा हा शिरस्ता. बायको नात्यात बसते, म्हणून समितीची कटकट नाही. लग्नाचा दाखला आणि लग्नातला फोटो दाखवला की काम पुढं सरकतं. हार घालतानाचा तो फोटो पुढे किडनीसाठी काढावा लागेल, हे तेव्हा फोटोग्राफरलाही ठाऊक नसतं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 2014 च्या नियमांत लिहून ठेवलंय, की देणारी बाई असेल तर जास्त खबरदारी घ्या, आणि तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळा. नियम चांगला आहे. फक्त त्या ‘दुसऱ्या कुणा’मध्ये सासू बसते की नाही, ते लिहायचं राहून गेलंय.

अमेरिकेत टोवाना लूनी नावाची बाई आहे. 1999 मध्ये तिनं आईला आपली एक किडनी दिली. पुढं गरोदरपणात रक्तदाब चढला, उरलेली किडनीही गेली आणि 2016 पासून ती डायलिसिसवर आली. तिला नोव्हेंबर 2024 मध्ये डुकराची किडनी बसवली. ती 130 दिवस चालली, मग शरीरानं नाकारली आणि काढावी लागली. म्हणजे आईसाठी लेक पुढं आली, आणि लेकीसाठी डुक्कर.

तर, बातमी वाचून संपली. कुणीतरी विचारलं, “इकडं कधी येणार डुकराची किडनी?” कुणी म्हणालं पाच वर्षं, कुणी म्हणालं दहा. “तोवर काय?” या प्रश्नावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथं तांडेलाची बायको मासळीला मीठ लावत बसली होती. पहाटेपासूनची. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय, घरचीच तर आहे.

तिनंच मान वर न करता विचारलं, “त्या डुकरानं दिली किडनी, ती सही करून?”

“नाही गो. डुकराला कोण विचारतंय?”

मिठाची आणखी एक मूठ भरत ती म्हणाली, “मग डुकरीण असेल ती.”