फडणिसांची बदली

कोल्हापुराहून पुण्यास जाण्याकरिता रेल्वे, एस.टी. आणि ओळखीपाळखीच्या मोटारी अशी निर्वेध साधने हाताशी असताना मी गुळाच्या रव्यांनी भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये का चढलो, याची कैफियत आरंभीच देणे प्राप्त आहे. आमचे शेजारी हे त्या ट्रकचे धनी. माझ्या पुस्तकांच्या पेट्या पुण्यास पोहोचत्या करावयाच्या होत्या. आणि "पेट्यांबरोबर तुम्हीही बसा, बापूंना बोलायला माणूस लागतं," असा त्यांचा आग्रह पडला. बापू म्हणजे ड्रायव्हर. त्यांना बोलायला नव्हे, तर ऐकायला माणूस लागतो, हे कळण्यास किणीच्या टोलनाक्यापर्यंतचा अवधी पुरेसा झाला.

ट्रक 2017 सालचा, म्हणजे त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून भारत स्टेज तीनच्या गाड्यांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने बंद झाल्यावर जी नवी प्रजा रस्त्यावर आली, तिच्यापैकी होता. तत्पूर्वीच्या बहुतेक ट्रकांत डिझेलचा पंप निव्वळ यांत्रिक असे: पेडल दाबले की दांडा सरके, दांडा सरकला की डिझेल जाई, आणि या व्यवहारात कोणाच्याही मंजुरीचे कारण पडत नसे. नव्या गाडीत पेडल हा केवळ अर्ज झाला. तो मंजूर करावा की फेटाळावा, मंजूर केल्यास किती डिझेल, कोणत्या क्षणी आणि कोणत्या इंजेक्टरातून सोडावे, याचा निकाल इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी जखडलेल्या, जाड वहीएवढ्या ॲल्युमिनियमच्या पेटीत लागतो. मेकॅनिक मंडळी या पेटीस ईसीएम म्हणतात. पेशवाईची दप्तरे ज्याने चाळली आहेत, त्याला मात्र तिच्यात एखादा फडणीस बसलेला दिसल्यावाचून राहत नाही. लढणारा सरदार बाहेर घाम गाळीत असावा आणि त्याची रसद फडणिसाच्या सहीवाचून सुटू नये, असा हा कारभार.

कराड मागे टाकून तासवड्याचा टोलनाका ओलांडल्यावर थोड्याच वेळात सरदाराची रसद तुटली. ना धूर, ना खडखडाट. इंजिन बोलता बोलता गप्प झाले आणि गुळासह आम्ही रस्त्याच्या कडेला स्थिरावलो. वैशाखाचे ऊन, डांबरावरून वर येणाऱ्या वाफा आणि ताडपत्रीखालून येणारा गुळाचा गोड वास, या वातावरणात बापू शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही च्या घ्या. हिला ताप चढला की हिचं टाळकं बंद पडतंय. गार केली की परत शहाणी."

म्हणजे या विकाराची त्यांना पूर्वीपासून माहिती होती! पिंट्या नावाच्या किन्नरने केबिनच्या मागून एक गोणपाट काढले, ते कॅनमधील पाण्यात भिजवून पिळले आणि आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा ममतेने त्या पेटीवर अंथरले. अर्ध्या तासाने ट्रक सुरू झाला, उंब्रजपर्यंत धावला आणि पुन्हा मौनात गेला.

यानंतर आमच्या प्रवासाचा कार्यक्रम ना बापूंच्या हाती राहिला, ना माझ्या. तो सर्वस्वी त्या पेटीच्या तापमानाच्या स्वाधीन झाला. कराड ते सातारा हे अंतर सुमारे 50 किलोमीटर; शहाणी माणसे ते तासाभरात कापतात आणि वाटेतील गावांची नावे पाट्यांवरदेखील वाचत नाहीत. मला मात्र उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे ही गावे आपापल्या चहासह परिचित झाली. काशीळचा चहा आल्याचा, अतीतचा निव्वळ साखरेचा. पायी प्रवासाने देश कळतो, असे थोर प्रवासी लिहून गेले आहेत. त्यांना बिघडलेल्या ट्रकचा लाभ झाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक मुक्कामी वैद्य भेटत. महाराष्ट्रात रस्त्याकडेला बॉनेट अथवा केबिन उचललेली दिसली की वाटेवरच्या प्रत्येकास आपण मेकॅनिक असल्याचा साक्षात्कार होतो. एकाने 'हवा धरली' असे निदान करून प्रायमिंगचा पंप हात दुखेपर्यंत मारला. दुसऱ्याच्या आग्रहास्तव डिझेलचा फिल्टर बदलण्यात आला. तिसरा, जो वस्तुतः शेळ्या घेऊन चालला होता, त्याने पंपच उतरवण्याची मसलत दिली आणि शेळ्या डाळिंबाच्या बागेत शिरल्याची बोंब उठली म्हणूनच आम्ही वाचलो. पेटीवर संशय फक्त बापूंचा. आणि अज्ञानी म्हणून तो कोणी जमेस धरीत नव्हते.

अजिंक्यतारा दिसू लागला तेव्हा सूर्य त्याच्यामागे उतरत होता. सातारच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये बापूंच्या ओळखीचे एक वृद्ध इलेक्ट्रिशियन होते. त्यांना सारे जण वस्ताद म्हणत. त्यांनी प्रथम ते ओले गोणपाट दोन बोटांनी उचलले, पिंट्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कनेक्टरात पाणी गेलं असतं म्हंजे? तुझ्या टाळक्यावर घाल हे." नंतर बापूंची हकिगत ऐकून घेतली, परंतु ती ऐकून पेटीस तत्काळ दोषी ठरवले नाही, आणि येथेच मी त्या पुरुषास मनोमन मुजरा केला. कारण गाडीत काहीही बिघडले की 'ईसीएम गेला' असे फर्मान काढून गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणारे मेकॅनिक उदंड झाले आहेत, आणि बदललेल्या कित्येक पेट्या निर्दोष असून खरी गुन्हेगार एखादी गंजलेली अर्थची तार असते.

वस्तादांनी पेटीचा कनेक्टर सोडवला आणि तिला जेथून वीज मिळते त्या तारांना हेडलाइटचा 24 व्होल्टचा बल्ब जोडला. मीटर नुसता दाब दाखवतो, कुजून एका धाग्यावर आलेली तारही त्याला फसवू शकते. बल्बाला मात्र खरोखर करंट लागतो. बल्ब लख्ख पेटला. रसद आणि अर्थ दोन्ही निर्दोष सुटले. मग ज्या दोन पिळलेल्या तारांवरून ट्रकमधील पेट्या एकमेकींशी बोलतात, त्यांच्यामधला रोध मोजला. तो 60 ओहमच्या आसपास, म्हणजे यथास्थित निघाला.

उरला मुख्य आरोप. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून ट्रकला 24 व्होल्ट मिळतात. परंतु सेन्सरांना हे फडणीस आपल्या हाताने मोजून 5 व्होल्टच देतात, आणि त्यातून परत काय आले यावरून पेडल किती दाबले, रेलमध्ये डिझेलचा दाब किती चढला, याचा अंदाज बांधतात. मूळ 5 व्होल्टच ढळले तर मुलखातून येणारी प्रत्येक बातमी खोटी ठरणार. वस्तादांनी पोऱ्यास शेजारच्या सलूनमध्ये पिटाळून केस वाळवण्याचे यंत्र मागवले. कनेक्टर परत जोडून इंजिन सुरू केले होते. मीटर 5 दाखवत होता. वस्ताद पेटीवर गरम हवा सोडीत उभे राहिले, आणि तोंडाला साबण लागलेले सलूनचे गिऱ्हाईक दारात येऊन हा सोहळा पाहू लागले. काही मिनिटांत आकडा थरथरला, चारावर आला, त्याखाली घसरला आणि इंजिन गप्प झाले. तरीही वस्ताद थांबले नाहीत. एखादा नादुरुस्त सेन्सरही ही वीज खाऊ शकतो, म्हणून त्यांनी एकेक सेन्सर सोडवून तोच प्रयोग केला. आकडा तसाच घसरत राहिला, तेव्हा ते बापूंना म्हणाले, "आता बोला, पेटी गेली. तुमचं बरोबर होतं." त्या वाक्यानंतर बापूंची मुद्रा जी उजळली, ती पुण्यापर्यंत मावळली नाही.

त्याच क्रमांकाची दुसरी पेटी दुसऱ्या दिवशी आली. माझी समजूत अशी की जुनी काढावी, नवी लावावी आणि मार्गस्थ व्हावे. पण फडणिसांची बदली इतक्या सुलभपणे होत नसते. नवी पेटी दप्तरावाचून आलेली. इंजिन कोणते, चासी क्रमांक काय, प्रत्येक इंजेक्टराचा स्वभाव काय, याची तिला गंधवार्ता नव्हती. हे सारे दप्तर जुन्या पेटीतून, ती शुद्धीवर असतानाच, उतरवून घेणे भाग होते. सबब कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फासारख्या गार बाटल्या मागवून त्या फडक्यात गुंडाळून पेटीभोवती रचण्यात आल्या, बॅटरीला चार्जर लावण्यात आला, आणि मजकूर नव्या पेटीत लिहिला जात असताना वीज ढळली तर ती जन्मतःच मूढ होईल या भयाने वस्तादांनी शेडमधील पंखेसुद्धा बंद करविले. लॅपटॉपवरील पट्टी मुंगीच्या गतीने पुढे सरकत होती आणि आम्ही सारे घामाने निथळत, श्वास रोखून, तिच्याकडे पाहत होतो.

दप्तर उतरले, तथापि वस्तादांनी ते प्रमाण मानले नाही. टॅपेट कव्हर काढून पोऱ्याने डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने इंजेक्टरांची डोकी पुसली आणि त्यांवर कोरलेली अक्षरे मोठ्याने वाचली. पाच जुळली. सहावे जुळेना. कोणी एका गॅरेजने तो इंजेक्टर पूर्वी बदलला होता, पण त्याची नोंद करविली नव्हती. पेटी बिचारी मयताच्या नावाने शिधा काढीत राहिली होती. नवा क्रमांक लिहिला गेला आणि चढावर येणारा काळा धूर, जो बापू गुळाच्या वजनाच्या खाती मांडीत असत, तो खंबाटकीच्या बोगद्याकडे चढताना दिसला नाही.

जुनी पेटी उन्हाने बिघडली की काय, हे मी वस्तादांना विचारले. त्यांनी उलट विचारले, "हौद्याला वेल्डिंग कधी मारलं होतं?" मारले होते, आणि बॅटरी जोडलेलीच होती. कारण तेच, असे शपथेवर सांगण्यास मात्र त्यांनी नकार दिला. गूळ गुलटेकडीस उशिरा पोहोचला आणि अडत्याने भावात काटछाट केली. वाचकांपैकी कोणी ट्रकचे धनी असतील तर त्यांना विनंती एवढीच, की हौद्याला वेल्डिंग करवण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्यांच्या लीड सोडवाव्यात, ईसीएमचे कनेक्टर काढावेत, वेल्डिंगची अर्थ सांध्याच्या अगदी निकट लावावी. आणि इंजेक्टर बदलल्यास त्याचा क्रमांक पेटीत लिहवून घेतल्यावाचून गॅरेजवाल्यास पैसे देऊ नयेत.