पाहिलेला नाही, तरी सांगते

‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या सिनेमाने 2015 साली जगभरातून सुमारे 57 कोटी डॉलर गोळा केले. खर्च होता 4 कोटींचा. मला फक्त एवढंच विचारायचंय की हे पैसे भरले कुणी? कारण मला भेटलेल्या एकाही माणसाला हा सिनेमा आवडलेला नाही, आणि निम्म्यांनी तर तो पाहिलेलाच नाही. ज्यांनी पाहिला त्यांचा नाइलाज होता. कुणाला मैत्रिणीने ओढून नेलं, कुणाकडे नवऱ्याने लावला होता आणि त्या आपल्या समोर बसून मेथी निवडत होत्या. दोन तासांची मेथी. एका जुडीत होत नाही.

मूळ कादंबरीचंही तेच. ई. एल. जेम्स या लंडनच्या बाई टीव्हीच्या धंद्यात नोकरीला होत्या. ‘ट्वायलाइट’ नावाच्या रक्तपिपासू नायकाच्या कादंबऱ्यांनी त्या झपाटल्या आणि त्यातलीच पात्रं घेऊन टोपणनावाने लिहू लागल्या. पुढे रक्तपिपासू काढून त्याच्या जागी सिॲटलचा अब्जाधीश बसवला (कामात फार फरक पडला नाही) आणि 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चिमुकल्या प्रकाशनाने ते पुस्तक काढलं. 2014 च्या सुरुवातीपर्यंत तीन भागांच्या मिळून 10 कोटी प्रती खपल्या होत्या. इतक्या प्रती खपल्या, तर त्या असतात कुठे? कुणाच्याही दिवाणखान्यातल्या कपाटात मला हे पुस्तक दिसलेलं नाही. वेल्समधल्या स्वान्झी गावच्या, ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेच्या दुकानाने 2016 साली याचं उत्तर दिलं. लोकांनी दान म्हणून ‘फिफ्टी शेड्स’च्या इतक्या प्रती आणून टाकल्या की कर्मचाऱ्यांनी त्यांचा चक्क किल्ला रचला आणि हात जोडले: आता पुरे, दुसरं काहीही द्या. आपल्याकडे रद्दीवाला असल्यामुळे किल्ल्यापर्यंत मजल गेली नाही. हुतात्मा चौकाच्या फुटपाथवरून पिशवीतून आलेलं पुस्तक वर्तमानपत्राच्या कव्हरातून चार घरं फिरायचं आणि शेवटी त्याच कव्हरासकट तागडीत जायचं.

मी हा सिनेमा लंडनमध्ये पाहिला. हो, मला धाकट्या बहिणीने नेलं. ती हॅरोला राहते आणि 2015 च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले होते. व्हॅलेंटाइनचा आठवडा होता आणि गावात या सिनेमाखेरीज विषय नव्हता. लंडनच्या अग्निशमन दलाने तर नागरिकांना आवाहनच केलं होतं, की सिनेमा पाहून घरी काही प्रयोग करणार असाल तर बेड्यांची किल्ली हाताशी ठेवा. पुस्तक आल्यापासून बेड्यांत अडकलेल्या मंडळींना सोडवायला बंब पाठवावे लागत होते म्हणे. आमच्या पुण्यात किल्ली विसरली तर शेजारी दुसरी ठेवलेली असते. पण या बाबतीत ती सोय कशी करायची, हा प्रश्नच आहे.

बहिणीच्या ओळखीच्या मराठी बायकांचा बेत ठरला होता. त्यात डोंबिवलीच्या एक वहिनी होत्या. लग्नानंतर काही वर्षं त्यांनी फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात किंडलवर तिन्ही भाग वाचले होते, कुणालाही पत्ता लागू न देता. किंडलला कव्हर घालावं लागत नाही, हा त्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे आणि कंपनी त्याची जाहिरात का करत नाही कळत नाही. दुसऱ्या होत्या सांगलीच्या काकू. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पण ‘सगळ्या जणी सिनेमाला चाललोय’ एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि त्या शाल घेऊन दारात उभ्या राहिल्या. “काकू, तो जरा तसला सिनेमा आहे,” सूनबाई हळूच म्हणाली. “मला ज्येष्ठ नागरिकांचं तिकीट मिळतं ना?” काकूंनी विचारलं. मिळत होतं. विषय संपला.

ब्रिटनमध्ये हा सिनेमा 18 वर्षांवरच्यांसाठी होता. अमेरिकेत 17 च्या आतल्या मुलांना आईवडिलांबरोबर जाता येत होतं, म्हणजे ज्या परिस्थितीत कुठलंही मूल हा सिनेमा पाहणार नाही नेमक्या त्याच. फ्रान्सने तर 12 वर्षांच्या पोरांनाही परवानगी दिली. आपल्या सेन्सॉर बोर्डाने मार्चमध्ये तो कुठल्याच वयाला योग्य नाही असं ठरवलं, तेही स्टुडिओने आधीच कातरून पाठवलेली प्रत पाहून. एकच सिनेमा पॅरिसच्या सातवीतल्या पोराला चालतो आणि पुण्यातल्या, दोन मुलांची लग्नं लावलेल्या गृहस्थाला झेपत नाही. यावर एखाद्या समाजशास्त्रज्ञाने लिहायला हवं.

ज्यांनी मेथीसुद्धा निवडली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी: साहित्य शिकणारी आना ही मुलगी, आजारी मैत्रिणीच्या ऐवजी, ख्रिश्चन ग्रे या 27 वर्षांच्या अब्जाधीशाची मुलाखत घ्यायला जाते आणि त्याच्या ऑफिसच्या दारातच सपशेल आपटते. तो तिच्या प्रेमात पडतो. पण त्याला प्रेम साधेपणाने करता येत नाही. दोऱ्या, बेड्या, चाबूक असं बरंच साहित्य लागतं, आणि त्याआधी तिची करारावर सही लागते. डकोटा जॉन्सन आना झाली आणि जेमी डॉर्नन ग्रे. दिग्दर्शन सॅम टेलर-जॉन्सन या बाईंचं.

थिएटरात निम्म्याहून अधिक बायकाच होत्या, घोळक्या-घोळक्याने आलेल्या, हातात वाइनचे पेले. ज्या जागी दिग्दर्शिकेला श्वास रोखले जाणं अपेक्षित होतं तिथे मागच्या रांगेत खसखस पिकत होती. आमच्या रांगेत काकू होत्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज. कुजबुजला तरी तो दोन रांगा पुढे जायचाच. आपल्याशिवाय कुणाला मराठी कळत नाही, या भरवशावर त्या मोकळेपणी बोलत होत्या.

आना मुलाखतीला आली. “प्रश्न दुसरीने लिहून दिलेले, आणि ही पेन्सिलसुद्धा विसरली,” काकू म्हणाल्या. “नापास.” आना ओठ चावते, आणि ते पाहून नायक कासावीस होतो, सिनेमाभर हेच चालतं. “ओठ उललेत पोरीचे. तूप लाव म्हणावं.” नायक मध्यरात्री उघड्या अंगाने पियानोवर काहीतरी रडकं वाजवतो. “खालचे लोक कसे ऐकून घेतात?” मग तो लाल भिंतींच्या त्या खास खोलीत आला. कादंबरीतही आणि पडद्यावरही तिथे तो जुनी, विरलेली, फाटकी जीन्स घालतो. त्यामागे काही मानसशास्त्र असावं. काकूंना ते पटलं नाही. “हेलिकॉप्टर आहे, आणि एक धड पँट नाही?”

समोरच्या रांगेतला एक माणूस वळला आणि शुद्ध कोल्हापुरीत म्हणाला, “काकू, जरा बघू द्या की.” त्याच्या शेजारच्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे सिनेमाभर तो मान खाली घालून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत बसला. वर्ल्ड कप सुरू झाला होता, त्यामुळे निदान निमित्त तरी बरं होतं.

शेवटी आना म्हणते, तुझं जे काही असेल ते सगळं एकदा दाखव. तो पट्ट्याचे सहा फटके मारतो, तिला मोजायला लावतो, आणि मग ती निघून जाते. लिफ्टचं दार बंद, सिनेमा बंद. थिएटरातून “हॅं?” असा सामुदायिक उद्गार निघाला. या शेवटच्या प्रसंगातल्या एका शब्दावरून म्हणे लेखिका आणि दिग्दर्शिका चांगल्याच भांडल्या होत्या. दिग्दर्शिकेला तिथे दोघांत ठरलेला सांकेतिक शब्द हवा होता, लेखिकेला साधं ‘थांब’. लेखिका जिंकली. पुढच्या भागांना दिग्दर्शिका राहिली नाही, आणि पटकथा लेखिकेच्या नवऱ्याने लिहिली. घरातलं माणूस सांगितलेलं ऐकतं.

परीक्षण झालं बहिणीच्या स्वयंपाकघरात, चहा आणि चकलीबरोबर. डोंबिवलीच्या वहिनी संतापल्या होत्या. कादंबरीत आनाच्या मनात एक देवी राहते, ती प्रसंगानुसार नाचते, रुसते, कोलांट्या मारते. सिनेमात ती नाहीच. “देवीच नाही आणली!” वहिनी म्हणाल्या. “देवीशिवाय उरलं काय त्यात?” जे उरलं होतं ते आम्ही सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं, पण कुणी बोललं नाही. हा विषयच असा आहे की त्याच्या अवतीभवतीचं सगळं बोलायचं. फ्लॅट केवढा, कप्प्यात टाय किती, चादरी कोण धुतं. बहिणीचे यजमान सिनेमाला आले नव्हते, पण करार हा शब्द ऐकून त्यांनी लॅपटॉप मिटला. किती मुदतीचा? पुस्तकात तीन महिन्यांचा, वहिनींनी सांगितलं. साक्षीदार? नाहीत. स्टँप? नाही. “मग कसला करार! आपल्याकडे भाडेकरूसुद्धा अकरा महिन्यांचा ठेवतात.” त्यांच्या दृष्टीने सिनेमाचं कथानक तिथेच कोसळलं होतं.

“आणि त्यात अटी काय असतात?” काकूंनी विचारलं. पडद्यावर आना आणि ग्रे एका लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून एकेक कलम खोडतात, आणि हा सिनेमातला एकच प्रसंग समीक्षकांनीही मनापासून वाखाणला. पण पुस्तकात अटी जास्त तपशिलात आहेत. वहिनींना त्या पाठ होत्या. तो ठरवेल ते कपडे घालायचे. यादीतलंच खायचं, अधेमधे तोंड चालवायचं नाही, फळ चालेल. ठरावीक तास झोपायचं. व्यायाम करायचा. बाहेर कुणाजवळ काही बोलायचं नाही. तो बोलावेल तेव्हा हजर व्हायचं.

काकूंनी चकलीचा तुकडा मोडला. “यात नवीन काय आहे?” त्या म्हणाल्या. “कपडे सासूबाई ठरवायच्या. खाणं शेवटच्या पंगतीला, उरेल ते. झोप म्हणशील तर या पोरीला बऱ्यापैकी तास दिलेत, मला कधी मिळाले नाहीत. आणि हिला टेबलावर बसवून विचारलं तरी. आमच्याकडे सगळं तोंडी होतं.”

“हिला गाडीही मिळाली, काकू,” बहीण म्हणाली. “लॅपटॉप मिळाला.”

“मला शिलाई मशीन,” काकू म्हणाल्या. “तेही माझ्याच माहेरून.”

त्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत कौटुंबिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संघटना या सिनेमावर बहिष्कार घाला म्हणून सांगत होत्या: हे प्रेम नाही, बाईवर ताबा मिळवणं आहे. जे लोक खरोखरीच दोऱ्या आणि पट्ट्यांचा शौक राखतात तेही चिडले होते. आमच्यात संमतीला सर्वांत जास्त मान असतो आणि या बाबाने आमची बदनामी केली, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली गेली. मी बरीच वाचली. काकूंच्या त्या वाक्यांहून नेमकं मला त्यात काही सापडलं नाही. आणि गंमत म्हणजे काकूंना नायक शेवटी आवडलाही, तोही अगदी निराळ्याच कारणाने. “काही म्हणा, ती जेवली का हे तेवढं विचारतो.” खरंच विचारतो. पुस्तकभर तिच्या ताटावर डोळा ठेवून असतो. चाबूक वगळला तर सदाशिव पेठेतली कुठलीही आजी.

भारतात परतले तेव्हा बंदीची बातमी आली होती. पहलाज निहलानी नुकतेच सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्ष झाले होते. फेब्रुवारीतच बोर्डाने पडद्यावर चालणार नाहीत अशा शिव्यांची यादी काढली होती. ती वाचून आमच्या ओळखीतल्या एका सज्जन गृहस्थांच्या शब्दसंग्रहात मोलाची भर पडली. सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी निवृत्त मंडळी बसतात. तिथे सिनेमाविषयी एकमत होतं. “मी पाहिलेला नाही,” एक काका म्हणाले, “पण पहिल्या तासानंतर फार ढिला पडतो.” दुसऱ्यांनीही पाहिला नव्हता, त्यांचं म्हणणं, प्रिंट अंधारी आहे. तिसऱ्यांनी विचारलं, की तुमच्याकडे शेवटी लिफ्ट येते का, कारण त्यांच्याकडे मध्येच संपतो. मी सांगितलं, तो तिथेच संपतो. त्यांचा चेहरा उजळला. पेन ड्राइव्ह देणाऱ्याने फसवलं, असं महिनाभर त्यांच्या मनात होतं.

न पाहता मत देणं सोपं, पाहून देणं अवघड, याचा अनुभव आपल्या न्यायालयांनाही आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला चालत चालत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 साली काकोडकर सुटले. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींनाही ती कथा वाचावीच लागली असणार, आणि तीसुद्धा कामकाजाचा भाग म्हणून. याहून चांगलं निमित्त आजवर कुणाला मिळालेलं नाही.

अमेरिकेत वर्षातल्या सर्वांत वाईट सिनेमांना ‘रॅझी’ पुरस्कार देतात. 2016 साली ‘फिफ्टी शेड्स’ने पाच मिळवले: सर्वांत वाईट सिनेमा (हा दुसऱ्या एका सिनेमाबरोबर विभागून), नट, नटी, जोडी आणि पटकथा. तरी पुढचा भाग 2017 मध्ये आला, तिसरा 2018 मध्ये. दोन्ही कुणालाच आवडले नाहीत आणि दोन्ही चालले.

तिसऱ्या भागानंतर काकूंचा सांगलीहून फोन आला होता. लेकाने सांगितलं होतं की त्या दोघांचं लग्न होतं, आणि काकूंना खात्री करून घ्यायची होती. मी म्हटलं, हो, थाटात होतं, पहिल्याच काही मिनिटांत. काकू जरा थांबल्या.

“लग्नात तरी धड पँट घातली होती का त्याने?”