आप्पांची शिरगणती

सोसायटीला सेक्रेटरी मिळता मिळत नाही; विषय निघाला की सभेत सगळे आपापल्या चपला शोधू लागतात. सहल काढणारा माणूस मात्र न सांगता उगवतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते आप्पा. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं, आता भजनी मंडळात जातील. आप्पांनी लांबट वही आणली आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं, 'निसर्ग'. आत निसर्गाचं अवाक्षर नाही. पहिल्या पानापासून बस.

बसमालकाशी त्यांचं बोलणं ऐकावं. मुलीचं स्थळ बघायला गेल्यासारखी चौकशी चालते. "मॉडेल कुठल्या सालचं? पुशबॅक सगळ्या सीटना आहे की पहिल्या दोन रांगांनाच? काचा सरकतात ना?" काचा सरकण्यावर त्यांचा विशेष कटाक्ष, कारण बंद काचांच्या एसी बसमध्ये घाटात काय होतं ते त्यांनी पाहिलंय आणि पुसलंयही. मग दराची घासाघीस. किलोमीटर मोजणार ते गॅरेजपासून गॅरेजपर्यंत, वर ड्रायव्हरभत्ता, टोल, पार्किंग. शिवाय दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरायचे, गाडी फिरो न फिरो. डोंबिवलीहून कर्नाळ्याला जाऊन यायला शंभरच्या आसपास होतात. म्हणजे उरलेल्या दोनशेंचे पैसे बस झाडाखाली उभी राहिल्याबद्दल! हे आप्पांच्या जिवाला लागतं. "मग येताना अलिबागही करू," असं त्यांनी सुचवलं होतं. पक्षी बघायला निघालेल्या मंडळींना समुद्रकिनारी घोडागाडीत बसवून का होईना, पण किलोमीटर वसूल झाले पाहिजेत.

अभयारण्यांबद्दलची त्यांची मतंही बसच्या दारातूनच येतात. कास त्यांना फारसं पसंत नाही. पश्चिम घाटाच्या ज्या ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत ते आहे, हे त्यांना मान्य. पण हंगामात आपली गाडी पार्किंगला सोडून पठारावर दुसऱ्या बसने जावं लागतं. "भाडं आपण भरलेलं आणि बसायचं परक्या बसमध्ये?" तरीही एकदा ते सगळ्यांना घेऊन गेले. त्या वेळच्या कार्यक्रमपत्रिकेत 'सीतेची आसवं : ११.१० ते ११.२५, त्यानंतर तेरडा' अशी नोंद होती. ताडोबा तर बादच. तिथे जिप्सीत सहा पर्यटक, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र आधी द्यायचं, मंगळवारी बंद. पंचेचाळीस माणसांच्या आठ जिप्स्या आठ दिशांना गेल्या, तर त्यातली कुठली सहल आपली, हा आप्पांचा प्रश्न आहे आणि वनखात्याकडे त्याला उत्तर नाही.

ठिकाण ठरलं की ग्रुपवर निरोप पडतो. तासाभरात साठ 'नक्की' येतात. पैसे मागितले की त्यांचे बावीस उरतात, आणि बाकीच्यांच्या घरी अचानक पाहुणे, साखरपुडे, मुलांच्या परीक्षा निघतात. आप्पा चिडत नाहीत. ते जिन्यात उभे राहतात. दूध घ्यायला उतरलेला माणूस पिशवीबरोबर पावती घेऊन वर जातो.

खरी कसोटी बैठकव्यवस्थेची. इथे आप्पांचं कसब दिसतं. ज्यांना गाडी लागते ते पुढे, ज्यांचे गुडघे दुखतात तेही पुढे, आणि पुढच्या सीट चारच. मागच्या बाकावर तरुण मंडळी. पण त्यांच्या लगेच पुढे ज्यांची झोप हलकी आहे त्या काकू नकोत. चाकावरच्या सीटवर कोणाला बसवायचं? गेल्या वर्षी मेंटेनन्स थकवलेल्यांना. एका जोडप्याने 'आम्हाला शेजारी नको' असं वेगवेगळं येऊन सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांना कळू देऊ नका म्हणून बजावलं. आप्पांनी दोघांनाही खिडकी दिली, एकाला डावीकडची, एकीला उजवीकडची, आणि "तुमचं नशीब, दोन्ही खिडक्या मिळाल्या" म्हणून वर आभारही मिळवले.

जानेवारीत कर्नाळ्याला निघालो. बस साडेपाचला शार्प सुटणार होती, म्हणजे सव्वासातला मोरया झाला. पहाटे पक्षी बोलतात म्हणून लवकर निघायचं ठरलं होतं. पण पनवेलच्या अलीकडे इडलीचा थांबा, मग ज्यांनी इडली खाल्ली नाही त्यांचा वड्याचा थांबा. गेटवर पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते आणि पक्ष्यांची सकाळची बैठक उठली होती.

कर्नाळ्याला गेटवरच पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, अनामत घेतात आणि परतताना तेवढ्या दाखवल्या की पैसे परत. मंडळी कुरकुरली. आप्पा मात्र उजळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखा माणूस भेटला होता. टेबलामागचा कर्मचारी वेफर्सची पाकिटं मोजत होता, आप्पा त्याच्या मागोमाग पुटपुटत होते. एका बाटलीचा फरक आला तेव्हा दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बरोबर निघाल्यावर एकमेकांकडे असं समाधानाने पाहिलं की मागे खोळंबलेल्या शाळेच्या बाईसुद्धा गप्प बसल्या.

जंगलात आप्पा सर्वांत शेवटी चालतात. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याच्या मचाणांवर बसून लोक जनावरं मोजतात. आप्पा बाराही महिने माणसं मोजतात. वर कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा होता, त्याच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मध्येच पुढच्यांनी थांबून बोटं ओठांवर ठेवली. एका फांदीवर स्वर्गीय नर्तक बसला होता, लांब पांढरी शेपटी रिबिनीसारखी खाली सोडून. सगळे श्वास रोखून. त्या शांततेत मागून आवाज आला, "एकोणचाळीस, चाळीस... मागच्या बाकावरचे पाच कुठायत?" नर्तक गेला. पाचजण त्याचाच फोटो काढायला झाडाआड वाकले होते, ते सापडले.

परतीच्या वेळी बसमध्ये शिरगणती झाली. सेहेचाळीस. आप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा सेहेचाळीस. कमी भरण्याची त्यांची तयारी असते, त्याचे उपाय वहीत आहेत. जास्त भरण्याचं पान नव्हतं. तिसऱ्या फेरीला अकराव्या रांगेत आमचा चिवडा खाणारे एक अनोळखी गृहस्थ सापडले. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या बसचे.

"अहो, तुमची बस ती."

"माहीत आहे," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "तिथे चाकावरची सीट आहे हो. आणि चिवडा नाही."

आप्पांनी त्यांना आदराने खाली उतरवलं, त्यांच्या बसच्या पायरीपर्यंत पोचवलं आणि तिथेच वही उघडली. "फेब्रुवारीत भिगवणला रोहित बघायला जातोय. चार सीट आहेत. ॲडव्हान्स आत्ता दिलात तर खिडकी देतो."