परत येतो, साहेब

अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यात २१४(ब) नावाचं एक कलम आहे. आपल्याकडे काही घरांत हल्ली अथर्वशीर्षापेक्षा त्याचंच पाठांतर जास्त होतं. कलमाचा मथितार्थ असा, की व्हिसासाठी समोर आलेला अर्जदार आमच्याकडे कायमचा तळ ठोकायला निघालाय असं आम्ही धरून चालतो. तसं नसेल तर त्यानं ते सिद्ध करावं. खुनाच्या आरोपीलाही वकील मिळतो, तारीख मिळते, जमलं तर जामीन मिळतो. इथे बावीस वर्षांच्या पोराला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीची एक खिडकी आणि दोन-तीन मिनिटं मिळतात.

तेवढ्यात देशप्रेम दाखवायचं म्हणजे तालीम हवीच. परवा शेजारच्या चिरंजीवांची तालीम त्यांच्या दिवाणखान्यात चालली होती. खिडकीतल्या साहेबाची भूमिका माझ्याकडे आली.

‘शिक्षण संपल्यावर काय करणार?’ मी जमेल तितकं नाकात विचारलं.

‘वडिलांचा व्यवसाय वाढवायला भारतात परत येईन, साहेब.’

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा व्यवसाय म्हणजे सकाळी पर्वती चढणं आणि उरलेला दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर काढणं. आता तो नेमका कुठे वाढवणार? पण ते विचारायची मला परवानगी नव्हती. ‘परत येईन म्हणताना हसू नकोस रे,’ आई स्वयंपाकघरातून ओरडली.

तोंडी शपथेला कागदाचा टेकू लागतो. म्हणून सासवडच्या शेताचा सातबारा काढला. त्यावर आजोबा, त्यांचे तीन भाऊ, एक आत्या आणि वारसनोंद न झालेले दोन मयत इसम आहेत. सगळ्यांचे हिस्से वजा जाता चिरंजीवांच्या वाट्याला एक बांध आणि चिंचेचं अर्धं झाड येतं. पण सीएंनी नेटवर्थ सर्टिफिकेटात त्या शेताची किंमत अशी लावली, की आजोबा हयात असते तर त्यांनी भावांवर नव्यानं दावा ठोकला असता. एवढी इस्टेट टाकून पोरगा परदेशात कशाला राहील, असा त्यामागचा बिनतोड युक्तिवाद.

त्याच फायलीत दुसरा कागद आहे शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीचा. त्यासाठी राहता फ्लॅट बँकेकडे तारण गेलाय. पुण्यातल्या सुरुवातीच्या पगारातून हप्ते फेडायचे तर कर्जमुक्ती आणि सेवानिवृत्तीचा सत्कार एकाच मांडवात उरकता येईल. फ्लॅट लवकर सोडवायचा तर डॉलरच कमवायला हवेत. म्हणजे एक कागद सांगतो, शेतापायी मुलगा नक्की परतणार; दुसरा सांगतो, घरापायी त्याला परतणं परवडणार नाही. दोन्ही कागद एकाच फायलीत, पाठोपाठ. साहेब बहुधा फाइल उघडतच नाही, हा त्याचा समंजसपणा.

परत येण्याची अट आपल्याला नवी नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते खरोखरच बडोद्याला आले, तर त्या शहरात त्यांना कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत कसाबसा आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. ही हकिगत त्यांनी पुढे ज्या आठवणींत लिहिली, त्यांचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. मायदेशाची ओढ वगैरे भाषणं ठोकणाऱ्यांनी त्या आठवणी जरूर वाचाव्यात. एक फरक मात्र आहे. तेव्हा परतण्याची हमी पैसे देणारा मागत होता, आता पैसे घेणारा मागतो.

घेणारं विद्यापीठही साधंसुधं नाही, ‘आर-१’ दर्जाचं आहे. वर्षाला किमान पाच कोटी डॉलर संशोधनावर खर्च आणि किमान सत्तर संशोधन-डॉक्टरेट, तेव्हा कुठे हा टिळा लागतो. यात आमच्या चिरंजीवांची जागा कुठली? पीएचडीवाल्याला बहुधा फी माफ असते, वर विद्यावेतन. एमएसवाला पूर्ण फी भरतो आणि प्रयोगशाळेसमोरून रोज येतो-जातो. संशोधनाची संधी द्या म्हणून प्राध्यापकांना ईमेल धाडतो, उत्तरं येत नाहीत, मग आठवड्याला वीस तासांच्या सरकारी मर्यादेत कॅम्पसच्या खानावळीत ट्रे पुसतो. जगप्रसिद्ध संशोधकांचे ट्रे असतात, हेही खरं.

शिक्षण संपलं की तेच सरकार, ज्यानं परतण्याची शपथ घ्यायला लावली, प्रेमानं म्हणतं: बस थोडा वेळ. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने, विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल तर वर चोवीस. या चोवीस महिन्यांची गोडी अशी, की येलसह कित्येक विद्यापीठांत अर्थशास्त्राची सरकारदरबारची नोंद ‘इकॉनोमेट्रिक्स’ अशी करून त्याला विज्ञानाच्या पंगतीत बसवलं गेलं. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत मोजल्या गेलेल्या ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी १ लाख ४३ हजारांवर या ओपीटीवरच होते. सगळे परत येण्याच्या वाटेवरच म्हणायचे.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी बसली. गहजब झाला. महिन्याभरानं खुलासा आला, की अमेरिकेत राहूनच विद्यार्थ्याचा एच-१बीवाला झालेल्यासाठी ही फी नाही. म्हणजे शपथेला जागून सासवडला परतलेल्या मुलाला कोणी पुन्हा बोलावू म्हटलं, तर त्या कंपनीनं लाख डॉलर मोजायचे. आणि जो शपथ विसरून तिथेच थांबला, तो फुकट.

चिरंजीवांना या महिन्यात व्हिसा मिळाला. पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. साहेबाच्या भूमिकेचं मानधन म्हणून. पेढे घ्यायला आलेल्या मावशीचा मुलगा डॅलसला ओपीटीवर आहे आणि त्याच्यासाठी मुली बघणं चाललंय. मुलीकडचे पहिलाच प्रश्न टाकतात, ‘परत तर येणार नाही ना?’ मावशी छातीवर हात ठेवून ‘मुळीच नाही’ म्हणते. तरी जमत नाही. परवाच एका स्थळाकडून निरोप आला, की पत्रिका उत्तम जुळते, मंगळाचंही आम्ही मानत नाही, फक्त लॉटरीत एच-१बी लागलं की कळवा.