हरळीचा ठराव

माझ्या बायोडेटात अजून एक ओळ आहे : 'फॅसिलिटी मॅनेजमेंट इंटर्न, उन्हाळी सुट्टी.' मुलाखत घेणारे तिथे थबकतात आणि मान डोलावतात. मीही गंभीर चेहरा करून डोलावतो. प्रत्यक्षात कोथरूडमधल्या आमच्याच सोसायटीत मे महिनाभर मी माळीमामांच्या हाताखाली होतो. खरोखरच खाली, मामा शिडीवर असायचे आणि मी शिडी धरून उभा.

कल्पना चेअरमनकाकांची, पाठिंबा बाबांचा. बाबा साताऱ्याचे. त्यामुळे आमच्या घरी चहा गार झाल्याच्या तक्रारीलाही कर्मवीर भाऊराव पाटलांचं वळण लागू शकतं. अण्णांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यात 'कमवा आणि शिका'वर कॉलेज उभं केलं, पोरं राबून पदवीधर झाली, आणि तुला साधा पाइप धरवत नाही? यावर उत्तर नसतं. मी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पिवळं हेल्मेट विकत आणलं आणि ते घालून बागेत अवतरलो. मामांनी ते डोक्यावरून अलगद उतरवलं, त्यात शेणखत भरलं आणि कुंडीत ओतलं. "माप बराबर हाय," म्हणाले. महिनाभर ते हेल्मेट त्याच कामाला राहिलं.

पावसाळ्याआधीची कामं सगळ्या सोसायट्यांत सारखीच. टाकी रिकामी करून घासायची, ब्लीचिंग पावडर मारायची, गच्चीवरच्या भेगा बुजवायच्या. पार्किंगवर आलेली गुलमोहराची फांदी तोडायची, पण त्याआधी १९७५ च्या झाडांच्या कायद्याला स्मरून महापालिकेकडे अर्ज करायचा. गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडातून शटलकॉक निघाली, पारव्याचं घरटं निघालं आणि एक कवळी निघाली. तिच्यावर आजतागायत कोणी हक्क सांगितलेला नाही.

हरळीबद्दल मात्र मला सविस्तर बोलू द्या. कमिटीने खास वर्गणी काढून मेक्सिकन लॉन घातलं होतं. ते सतरंजीसारखं गुंडाळून येतं, चौरस फुटाच्या भावाने. पुण्याच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत पिवळं पडतं, आणि त्याच्याच फटींतून हरळी हिरवीगार वर येते, न पाणी मागता, न वर्गणी मागता. वरून उपटली तर हातात नुसती पाती. खाली काश्या शाबूत असतात आणि बोटभर तुकडा राहिला तरी पहिल्या सरीला बाई पुन्हा हजर. शेतकरी तिच्यासाठी ऐन उन्हाळ्यात खोल नांगरट करतात, काश्या उघड्या पाडून वाळवतात. मामा परभणीकडचे. त्यांच्या आज्याने म्हणे जन्मात दोनच वैरी मानले, सावकार आणि हरळी. "त्यातला सावकार मेला," मामा म्हणाले.

तर मी खुरपं घेऊन या वैरिणीच्या मागे लागलो. काश्यांसकट मोठा ढीग काढला, विजयी मुद्रेने पाटीत भरला आणि कचऱ्याकडे निघालो. नेमकी संकष्टी होती. सी विंगमधल्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अरे अरे, दूर्वा टाकतोस? गणपतीच्या?" त्यांनी पाटी खाली ठेवायला लावली आणि तिथेच बसून कोवळी तीन पात्यांची टोकं खुडत एकवीसची जुडी बांधली. मग दुसऱ्या काकू आल्या. मग एक आजोबा, ज्यांनी आदल्याच आठवड्यात 'लॉनमध्ये तण माजले आहे' असं तक्रारवहीत लिहिलं होतं; तेही जुडी बांधू लागले. दोन दिवसांत वहीत नवी तक्रार आली : पवित्र वनस्पती उपटणाऱ्या मुलाला कोणी आवरेल का? प्रकरण कमिटीपुढे गेलं. ठराव झाला, सूचक आणि अनुमोदकासह : 'ईशान्य कोपऱ्यात दूर्वा राखाव्यात. उर्वरित भागातील हरळी समूळ काढावी.' हरळीला हा ठराव कोणी वाचून दाखवला नाही.

मामा म्हणाले, "गावाकडं पेटवतो, हितं पुजत्यात. कुटंतरी मान हाय म्हणायचा बिचारीला."

मान मलाही भरपूर होता. पाइप हातात घेतला की गॅलरीतून पन्ह्याचा काचेचा पेला यायचा. "किती कष्टाळू हो तुमचा मुलगा!" एका काकांनी तर आपल्या चिरंजीवांना मला बघायला खाली पाठवलं. मीही त्या वेळी जरा जास्तच वाकून काम करायचो. शेजारी मामा माझ्या तिप्पट खणत असायचे. त्यांचं पाणी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत, बागेच्या नळाचं. इमारतीचा पाया खणला तेव्हापासून ते तिथे आहेत आणि इतक्या वर्षांत त्यांना कष्टाळू म्हणावं असं कोणाला सुचलं नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. माझा राग अजून नेमका त्यावरच आहे.

त्यात लिफ्टच्या दारावर पाटी : 'कामगारांनी लिफ्ट वापरू नये.' गच्चीसाठी सिमेंट आलं तेव्हा मी लिफ्टने वर गेलो आणि मामा पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन जिन्याने. मी भावी इंजिनियर. भावनेपेक्षा आकड्यावर विश्वास. लिफ्टमध्येच लिहिलेलं होतं : ६ व्यक्ती, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८. मामा आणि गोणी मिळून शंभरच्या आसपास, म्हणजे आमच्या खजिनदारांपेक्षा फार जास्त नाही. हे गणित मी फुलस्केपवर आकृतीसह मांडलं आणि कमिटीपुढे वाचलं. खजिनदारांचं उदाहरण वगळायला हवं होतं असं आई म्हणते. मला नाही वाटत.

चर्चा दीड तास चालली. फरशीला चरे पडतात, धूळ होते, मेंटेनन्सवाला ओरडतो. शेवटी सुवर्णमध्य निघाला आणि नवी पाटी लागली : 'कामगारांनी सामानासह लिफ्ट वापरू नये.'

मी ती मामांना वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकली, पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग गोणी उचलून लिफ्टमध्ये ठेवली, चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, दार लावलं आणि हात हलवत जिन्याने निघाले.

"कामगार अन् सामान एकत्र न्हाई जायाचं, आसंच हाय ना?"