ती घरीच असते

शहरातल्या माणसाला सध्या शेतावरच्या घराचे डोहाळे लागलेत. गोठ्यात एक म्हैस, परसात शेवगा, चुलीवर भाकरी आणि मोबाइलला फुल रेंज, एवढं जमलं की आपण स्वावलंबी झालो अशी त्याची समजूत. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दर्शन उरकून ही मंडळी पूल ओलांडतात, कुरुंदवाडच्या पाव्हण्याकडं जेवायला बसतात, भरल्या वांग्याचा रस्सा दोनदा मागून घेतात आणि म्हणतात, "तुमचं बरंय राव. काही विकत आणायलाच लागत नाही."

यजमान मिशीवरून हात फिरवतो. "सगळं घरचंच आहे."

खरं आहे. दूध घरचं, कारण पहाटे पाचला म्हशीखाली बसणारी घरची. चटणी घरची, कारण उन्हाळ्यात मिरचीची देठं खुडून, हात जळजळत असताना मसाला भाजून, डंकावर नंबर लावून बसणारी घरची. शेणी घरच्या, शेवया-सांडगे घरचे, जुन्या लुगड्यांच्या वाकळाही घरच्या. यात यजमानाचा वाटा म्हणजे "सगळं घरचंच आहे" हे वाक्य. तेही पाटावर बसून.

सरकारी पाहणीवाला दारात आला आणि "मालकीण काय करतात?" असं त्यानं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असते." केंद्राच्या रोजगार पाहणीत या उत्तरासाठी आकडे आहेत. नुसतं घरकाम करणारी 92. घरकाम करून शिवाय घरासाठी भाजीपाला, जळण, वैरण गोळा करणारी, शिवणटिपण करणारी 93. दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे डोक्यावर वाड्याचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई सरकारच्या लेखी कामावर नाही. तिनं काढलेलं दूध विकलं जात असेल, तर नियमानं ती घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी, तिचा आकडा 21. पण म्हैस कोण सांभाळतं हे आधी मालकानं खरं सांगायला पाहिजे. मालक म्हणतो, "म्हैस माझी."

केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, आणि पुरुषाची 88. या सरासरीत फक्त घरकामाला हात लावणारे पुरुष धरलेत. हातच न लावणाऱ्यांना वगळलंय. त्यांना धरलं असतं तर 88 चं काय झालं असतं, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

आता पैशाचं बोलू. ऊस म्हणजे आमच्या शिरोळ तालुक्याची इज्जत. 2025-26 चा एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3550 रुपये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. लावण केली की वर्ष-दीड वर्ष थांबायचं. मग ऊसतोड टोळीची वाट, मुकादमाची मनधरणी, खुशाली आणि शेवटी बिल. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. आदेश फार सुंदर आहे. त्याची आठवण करून द्यायला दरवर्षी रस्त्यावर बसावं लागतं, एवढीच काय ती अडचण. बिल आलंच तर आधी सोसायटीचं कर्ज वळतं, मग ट्रॅक्टरचा हप्ता, आणि उरलेल्यात धाकट्याचं लग्न.

दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसाला. किराणा, गॅस, पोरांची फी, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या आणि त्या पौर्णिमेच्या पाव्हण्याचा चहा, सगळं त्यातनं. ऊस मालकाचा रुबाब सांभाळतो, घर सांभाळते म्हैस. पुराचं पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी तिची दावी सुटते ती काही उगीच नाही. 2019 ला आणि 2021 ला नदीकाठानं ते बघितलंय.

पण दूध संस्थेच्या पुस्तकावर नाव कुणाचं? धार काढायची तिनं, किटली घेऊन संस्थेत जायचं तिनं, फॅट लागली नाही की बोलणीही तिनंच खायची. बिल मालकाच्या खात्यावर. वाडी-कुरुंदवाडच्या बासुंदीचं नाव पुण्या-मुंबईपर्यंत पोचलंय. दूध ज्या हातांनी काढलं त्या हातांचं नाव संस्थेच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचत नाही.

खरी गंमत पुढंच आहे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावासाठी पिकाचा खर्च काढतो तेव्हा रोखीच्या खर्चात 'एफएल' मिळवतो. एफएल म्हणजे फॅमिली लेबर, घरच्या माणसांची मजुरी. आमचा शेतकरी म्हणतो, एवढ्यावर भागत नाही. स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलाचं व्याज धरून सी-टू खर्च काढा आणि त्यावर पन्नास टक्के नफा द्या. बरोबरच म्हणतो. शेतात बायकापोरं राबतात, त्यांची मजुरी धरायलाच हवी. मात्र हा हिशेब चक्का जामपुरता. सरकारकडं मागताना बायकोचे कष्ट खर्चात धरायचे, आणि आंदोलन संपवून घरी आलं की तीच बायको "घरीच असते". दिल्लीनं एफएल मान्य केलं, कुरुंदवाडच्या सोप्यात ते अजून मंजुरीला पडून आहे.

मालकाला मान्य नसेल तर तिची मजुरी आपण धरू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. म्हशीला रविवार नसतो, दिवाळीही नसते. तेव्हा 365 नी गुणायचं: 1,13,880 रुपये. हा माती उकरण्याचा दर झाला. स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांची दुखणी आणि मालकाचा राग यांचा भाव वेगळा लावावा लागेल.

दुसरीकडं राज्य सरकार जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत बायकांना महिन्याला 1500 द्यायला लागलं, वर्षाचे 18,000. लगेच पारावर चर्चा: "बायकांना फुकटचा पैसा मिळतोय, आळशी व्हायल्यात." वर्षाला लाखाचं काम फुकटात करून घेताना हाच पार बिडी ओढत गप्प बसला होता. फुकट खाणारा कोण, हे त्याला 1500 रुपयांनी कळलं आणि तेही उलटं कळलं.

न्यायालयाला मात्र बाईच्या कामाची किंमत ठाऊक आहे. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरून भरपाई द्यायला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये पुन्हा बजावलं. निकाल चांगला आहे. पण त्याचा फायदा घ्यायला बाईला आधी मोटारीखाली जावं लागतं. जिवंतपणी ती 93, मेल्यावर लाखाची.

यावर उपाय कुणाला सुचला नव्हता असंही नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: जमिनीतला हिस्सा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा. ऊसदर, कर्जमुक्ती या त्यांच्या मागण्यांवर आजही भाषणं होतात. लक्ष्मीमुक्तीचं नाव काढलं की वक्त्याला अचानक घसा बसल्यासारखं होतं. कारण ती मागणी सरकारकडं नव्हती, आपल्याकडंच होती.

सातबाऱ्याचं राहू द्या, तिथं भाऊबंदकी आडवी येते म्हणे. म्हशीला सातबारा लागत नाही. दूध संस्थेत जा, सभासद तिला करा, पुस्तक तिच्या नावाचं काढा, बँकेत खातं तिचं उघडा आणि एटीएम कार्ड आपल्या खिशात ठेवू नका. सभासद झाली की मत तिचं, वार्षिक सभेत फॅटच्या काट्याबद्दल प्रश्नही तिनंच विचारावा. स्वावलंबी घर बघायला आलेल्या पाव्हण्यालाही काम द्या. जेवण झाल्यावर शेण भरायला लावा, डोहाळे उतरतात.

दुधाचं बिल बायकोच्या खात्यावर गेलं तर आमच्याकडं काय राहील, असं काही मालक घाबरून विचारतील. अहो, ऊस आहे की. कायद्यानं 14 दिवसांत बिल मिळतंय, काळजी कसली?