नाव घातलेलं भांडं

गिऱ्हाईक फिरलं की आपण गिऱ्हाइकाला शिव्या घालतो, हे चूक आहे. खास करून घ्यायची वस्तू सांगून जो माणूस ऐनवेळी गायब होतो, त्याचा दोष रुपयात फार तर चार आणे. उरलेले बारा आणे ती वस्तू करणाऱ्याचे, कारण त्याने विसार घेतलेला नसतो. (पुण्यात राहत असल्यामुळे माझं मत आधी ठरतं आणि पुरावे नंतर गोळा होतात, पण होतात, हे महत्त्वाचं.) विसार का घेत नाही? कारण पैसे मागितले की आपण कलावंत उरणार नाही, दुकानदार होऊ, अशी त्याला धास्ती असते. हा अहंकार मी आतून ओळखतो. पन्नाशी ओलांडून ऑनलाइन खेळात लोहारकी करणाऱ्यांपैकी मी आहे. सोसायटीच्या सभेत माझ्या मताला जी किंमत नाही ती तिथे माझ्या तलवारीला आहे, आणि ‘काका, एक स्पेशल बनवून द्या ना’ हे शब्द कानावर पडले की आगाऊ रक्कम मागायला जीभच उचलत नाही. मागितली आणि त्याने दुसरा लोहार गाठला तर? त्यापेक्षा फुकट घाम गाळावा आणि नंतर जगाला कृतघ्न म्हणावं, यात एक वेगळीच प्रतिष्ठा आहे.

खेळ तयार करणाऱ्यांना मात्र माणसाचा स्वभाव बरोबर कळला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये कित्येक वर्षं असं चाले, की ज्याला वस्तू हवी त्याने चॅटमध्ये हाळी द्यायची, कारागिराने हात वर करायचा, आणि मग दोघांनी एकमेकांच्या सज्जनपणावर विसंबायचं. ‘कर तू, आलोच’ म्हणून गेलेला माणूस कुठे गेला, हे त्या काळच्या कारागिरांना अजून कळलेलं नाही. मग २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’ हा भाग आला आणि त्यात रीतसर ऑर्डर देण्याची सोय झाली. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवतानाच मजुरी खेळाकडे जमा करायची. काम हातात पडलं की ती आपोआप कारागिराच्या खिशात. कोणी काम उचलेपर्यंत गिऱ्हाइकाला माघार घेता येते, हेही ठीकच. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलंडचा खेळ २००३ सालचा. त्यात तर उलटी तऱ्हा: माल पोचवण्याचं काम घेणाऱ्या हमालालाच मालाच्या किमतीचं तारण ठेवायला लावता येतं. जगभरचे खेळाडू हे निमूटपणे करतात. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं तिथे कोणी विचारत नाही, कारण समोर काका नसून यंत्र असतं, आणि यंत्राला भीड नसते.

यातला सगळ्यात शहाणा नियम मात्र वेगळाच आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये काही वस्तू ‘सोलबाउंड’ असतात, म्हणजे ज्याच्या हातात पडल्या त्याच्याच झाल्या. पुढे दुसऱ्या खेळाडूला विकता येत नाहीत, देता येत नाहीत. हे वाचून तरुण मुलांना अमेरिकन डोक्याचं कौतुक वाटतं. मला पुण्यातल्या बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानांची आठवण होते. अहो, हे आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याच्या रूपाने केव्हापासून चालू आहे! इथे मला थोडं थांबायचं आहे. घाई असलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण नुकसान त्यांचंच होईल.

स्टीलचा डबा घेतला की दुकानदार विचारतो, ‘नाव घालायचं?’ या प्रश्नाला ‘नको’ म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. मग ते छोटं यंत्र दाताच्या डॉक्टरसारखं गुरगुरतं आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटतात. सुरुवातीला मोठी, ऐसपैस. डब्याचा घेर संपत आला की एकमेकांना चिकटून उभी, शनिवारच्या पीएमटी बसमध्ये माणसं उभी असावीत तशी. ‘चि. सौ. कां.’पासून ‘यांजकडून सप्रेम भेट’पर्यंत एवढं सगळं एका पेल्याच्या काठावर बसवणं ही कलाच आहे. शुद्धलेखन त्या यंत्रावर अवलंबून, म्हणून आमच्या पिढीतले निम्मे लोक आपापल्या पेल्यांवर दुसऱ्याच कोणाचे तरी भाचे आहेत. तारखेमुळे तर भांड्यांचं कपाट हे घराण्याचं दप्तरच होतं: कुठल्या आत्याने कुठल्या साली किती जाडीचा पत्रा दिला, याचा पुरावा मुद्देमालासकट उपलब्ध. शेजारी गेलेली वाटी परत येते ती शेजाऱ्याच्या सौजन्यामुळे नव्हे, ठिपक्यांमुळे. आणि व्यापाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, पहिला ठिपका पडला की सौदा पक्का. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्या दुकानात लावायची गरजच पडत नाही. ती प्रत्येक भांड्यावर गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावाने लिहिलेली असते. तिकडे कसबा पेठेत, तांबट आळीत, ठोक्याठोक्याने माठार काम केलेला बंब कोणी खास सांगून करवून घेतला, तर त्यावर नाव नसलं तरी मापच गिऱ्हाइकाचं असतं. अमक्याच्या न्हाणीघराच्या कोनाड्यात बसणारा बंब तमक्याच्या कोनाड्यात बसत नाही. हा आकारानेच सोलबाउंड. (पेशवाईत कोकणातून येऊन इथे स्थिरावलेल्या त्या तांबटांना हा शब्द सांगितला असता तर त्यांनी हातोडी खाली न ठेवता मान डोलावली असती, असं मला वाटतं.)

आता मुद्द्यावर. नाव पडलेली, मापाची, रंगवून घेतलेली वस्तू बाजारात परत जाऊ शकत नाही, म्हणूनच ती करायला घेण्याआधी गिऱ्हाइकाने काहीतरी अडकवलं पाहिजे. ते पैसेच असले पाहिजेत असंही नाही. कोकणात गणपतीच्या शाळेत लोक आपल्या घरचा पाट नेऊन देतात आणि मूर्ती त्या पाटावर घडते. एकदा घरचा पाट देऊन बसल्यावर चतुर्थीला ‘यंदा बघतो, कळवतो’ म्हणण्याची छाती कोणाची होणार? विसार म्हणजे खरं तर हा पाट. रक्कम गौण; गिऱ्हाइकाची एखादी वस्तू तुमच्या दारात पडून आहे, हे त्याला रात्री झोपताना आठवलं पाहिजे. विसार आणि विसर या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे आणि धंद्यात तो शब्दशः खरा ठरतो: पहिला घेतला नाही की दुसरा पडतो.

‘पण कायद्याने विसार जप्त करता येतो का?’ असा प्रश्न आमच्या कट्ट्यावर एक तरी निवृत्त गृहस्थ विचारणारच. येतो, पण हवा तेवढा नाही. १८७२च्या करार कायद्याचं ७४वं कलम वाजवी भरपाईपुरतंच हात पसरू देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात यावर नीट बोट ठेवलं. मालमत्तेचा सौदा १,१२,५०० रुपयांचा. विक्रेत्याकडे आलेले २५,००० रुपये. त्यांतले १,००० विसाराचे आणि २४,००० किमतीपोटी आगाऊ. न्यायालय म्हणालं, हजार रुपये ठेव, चोवीस हजारांवर ‘जप्त’ म्हणून हक्क सांगू नको. विसार आणि आगाऊ रक्कम यांच्यातली ही भिंत विक्रेत्यांनी पाठ करून ठेवावी. बिल्डरांनाही २०१६च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त घ्यायला बंदी केली आहे. म्हणजे माझा युक्तिवाद लुबाडणुकीचा नाही. थोडं घ्यावं, पण घ्यावंच.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे: ‘अहो, हा खेळ आहे. खोट्या सोन्याच्या खोट्या तलवारीचा कसला विसार?’ तलवार खोटी, मान्य. ती करायला गेलेला रविवार मात्र खरा. कारागिराने त्यासाठी गोळा केलेला कच्चा माल खेळातला असला, तरी तो गोळा करताना थंड झालेला चहा खेळातला नव्हता. आणि हेच खेळाडू जेव्हा कोणाकडून आपल्या पात्राचं चित्र पैसे देऊन काढून घेतात, तेव्हा बरेच चित्रकार निम्मे पैसे आधी मागतात, कच्चं रेखाटन झालं की मंजुरी घेतात आणि मगच रंग भरतात. विशीतल्या मुलामुलींना हे सहज जमतं. आमच्या पिढीलाच मागताना घाम फुटतो, कारण आम्ही ‘पैशाचं काय, आधी काम तर बघा’ या वाक्यावर वाढलो. वाक्य उदार आहे. ते म्हणणाऱ्यांच्या वह्यांत उधारीची पानं किती असत, हा वेगळा विषय.

आता तिसरा आक्षेप, आणि हा खरा आहे. कारागीर तरी कुठे शब्दाला जागतात? ‘परवा या’ हे वाक्य पुण्यातल्या शिंप्यांनी इतक्या पिढ्या वापरलं आहे की त्यातला ‘परवा’ पंचांगातून केव्हाच बाहेर पडला असावा. लग्न शुक्रवारी आणि ब्लाउज सोमवारी, हे दुःख ज्या घराने भोगलं नाही ते घर पुण्यात नसावं. मग विसार एकाच बाजूने का? हे मला पटतं. फ्रेंचांच्या दिवाणी संहितेत १५९०वं कलम याच कामाचं आहे: गिऱ्हाईक फिरलं तर विसार बुडाला, विकणारा फिरला तर विसाराच्या दुप्पट परत. तेवढं आपल्या पेठांत लागू केलं, तर निम्मे शिंपी एका दिवाळीत वक्तशीर होतील आणि उरलेले निम्मे फ्रान्सला शिव्या देतील.

हा सगळा वाद मी हसत चालवला असला, तरी एका ठिकाणी माझं हसू आटतं. पुण्यात घराघरांतून बायका केक करतात, फराळाच्या ऑर्डरी घेतात, फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे फिरणारं गिऱ्हाईक दुकानात फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखं नसतं. ते ‘तुम्ही घरीच तर करता’ असं म्हणून फिरतं. म्हणजे घरी केलेल्याला मोल नाही, ओट्यापाशी उभं राहून गेलेल्या वेळाला तास नाहीत, आणि ‘ताई’ म्हटल्यावर हिशेब मागणं वाईट दिसतं. संध्याकाळी सहा वाजता येणारा ‘सॉरी, कॅन्सल झालं’ हा निरोप फ्रिजमधल्या केकवर ‘आर्याचा पाचवा वाढदिवस’ ही अक्षरं जशीच्या तशी ठेवून जातो. तो केक कोणाला विकणार? ‘आर्या’ खरवडून काढली की क्रीमवर खरवडल्याची खूण राहते. मग घरचीच मुलं खातात, आणि त्या पाचव्या वाढदिवसाची मेणबत्ती कोणीच लावत नाही. अशा ठिकाणी विसार मागणाऱ्या बाईला कोणी ‘फार व्यवहारी’ म्हटलं, तर मला राग येतो. व्यवहारी असणं ही शिवी ज्यांना परवडते, त्यांच्या घरी पगार एक तारखेला जमा होतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर, या बाबतीत माझा स्वतःचा हात फार स्वच्छ नाही. गिऱ्हाईक म्हणून मी कधीच कोणाची ऑर्डर रद्द करत नाही. मी फक्त फोन उचलत नाही. ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द आपल्याकडे तोंडावर उद्धट वाटतो, म्हणून आपण ‘कळवतो’ असं चार अक्षरांत सांगतो आणि कळवण्याचं काम समोरच्याच्या तर्कशक्तीवर सोपवतो. विसार घेतला की या सभ्यपणाला किंमत लागते, आणि बहुधा म्हणूनच तो द्यायला इतका त्रास होतो.

तर आता मी खेळातल्या माझ्या दुकानासाठी एक पाटी तयार केली आहे. पुण्याच्या परंपरेला साजेशी: ‘ऑर्डर देताना विसार द्यावा. विचार करायचा असल्यास तो घरून करून यावा. ओळख सांगू नये. आम्हीही आमची सांगत नाही.’ मजकूर पक्का आहे, अक्षर ठळक आहे, रंग लाल. फक्त कोणी ‘काका, तुमच्यासारखी तलवार आख्ख्या सर्व्हरवर कोणी करत नाही’ असं म्हटलं, तर पाटी जरा बाजूला फिरवता यावी, म्हणून खिळा एकच मारणार आहे.